पुढचे टायर गोटा, मागचे कोरे: चाकांची अदलाबदल कशी करावी

आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. इंजिनचं वजन पुढच्या चाकांवर, गाडी ओढायची त्यांनीच, वळवायची त्यांनीच, आणि ब्रेक दाबला की बहुतेक भार येतो तोही त्यांच्याच अंगावर. मागची दोन चाकं वरातीतल्या पाहुण्यांसारखी नुसती मागून येतात. त्यामुळे एकाच दिवशी घेतलेल्या चार टायरांपैकी पुढची जोडी गोटा होते, तेव्हा मागच्या जोडीची नक्षी निम्मी तरी शिल्लक असते. मग आपण दोनच टायर घेतो, ते पुढे घालतो, आणि गाडीवर कायम दोन वयांच्या, दोन कंपन्यांच्या टायरांचा संसार चालू राहतो.

यावर उपाय म्हणजे ठरावीक अंतराने चाकांच्या जागा बदलणं, म्हणजेच रोटेशन. यानं रबर वाढत नाही, पण झीज चौघांत वाटली जाते आणि चारही टायर साधारण एकाच वेळी संपतात. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला एकदा करावं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तो धरावा.

आधी टायर वाचा

टायर काढून लगेच दुसऱ्या जागी चढवायची घाई करू नका. झिजलेला टायर बोलतो, आणि जागा बदलली की त्याचं बोलणं पुसलं जातं. मधला पट्टा जास्त झिजलाय म्हणजे हवा जास्त भरली जातेय. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी. एकच कड खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन आणि रोख, बिघडलंय. नक्षीवरून तळहात एका दिशेनं फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीसारखा लागतो, हेही अलाइनमेंटचंच दुखणं. आणि ठरावीक अंतरावर खळगे पडले असतील तर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) करून घ्या, शॉकअ‍ॅब्सॉर्बर तपासून घ्या.

हे मी अनुभवाने शिकलो. पावसाळ्यात एका खड्ड्यात गाडी अशी आदळली, की मागे बसलेल्या सासूबाईंनी थेट देवाचं नाव घेतलं. स्टिअरिंग जरा डावीकडे ओढायला लागलं होतं, पण ‘बघू पुढच्या सर्व्हिसिंगला’ म्हणून सोडून दिलं. दर रविवारी गाडी धुताना टायरची बाहेरची बाजू छान काळीभोर दिसायची. चार महिन्यांनी चाक काढून जमिनीवर आडवं टाकलं, तर आतल्या कडेला बोटभर पट्ट्यात नक्षी गायब आणि एके ठिकाणी तार चकाकत होती. हा टायर घेऊन मी खंबाटकी घाट दोनदा उतरलो होतो. तो टायर रोटेट करायच्या लायकीचा नव्हता, आणि नवा टायर घालूनही अलाइनमेंट न करता सोडलं असतं तर त्याचंही तेच झालं असतं. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी दोष शोधायचा, मग चाकं बदलायची, मग अलाइनमेंट करायचं.

बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत. त्याला दुरुस्ती नाही, तो टायर बाद.

खोली मोजायला साधा गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. नव्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिमी खोल असते. चारचाकीला कायद्यानं किमान १.६ मिमी लागते, आणि ती खूण टायरवरच असते: खाचेच्या तळाशी आडवा उंचवटा दिसतो, नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर संपला. मी स्वतः कोकणात पावसाळ्यात जायचं असेल तर नक्षी ३ मिमीच्या खाली गेली की टायर बदलायला थांबत नाही. उथळ खाचांतून पाणी बाहेर पडत नाही आणि गाडी रस्ता सोडून पाण्यावर तरंगते.

कुठलं चाक कुठे

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची दोन्ही चाकं सरळ मागे जातात, त्याच बाजूला. मागची पुढे येताना तिरकी येतात: मागचं डावं पुढे उजवीकडे, मागचं उजवं पुढे डावीकडे. बोलेरो, ईको, इनोव्हा क्रिस्टा अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत याच्या उलट, म्हणजे मागची सरळ पुढे आणि पुढची तिरकी मागे.

अपवाद एक, पण महत्त्वाचा. टायरच्या भिंतीवर बाण असेल तर तो टायर एकाच दिशेनं फिरायला बनवलेला आहे. त्याला डावी-उजवी करू नका, फक्त त्याच बाजूला पुढे-मागे. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर हा खेळ विसरा.

स्टेपनी बाकीच्या चार चाकांच्याच मापाची असेल तर तिलाही फेरीत घेता येतं: स्टेपनी मागच्या उजव्या जागी, आणि तिथे जाणारं पुढचं उजवं चाक डिकीत. पण हल्ली बऱ्याच गाड्यांत अलॉय चाकं मोठी आणि स्टेपनी लोखंडी, लहान असते. ती फक्त अडीनडीला. डिकीत पडून राहिलेल्या जुन्या स्टेपनीची तारीखही बघा. भिंतीवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कोरी असली तरी रबर वयानं कडक होतं.

एका जॅकवर घरच्या घरी

दुकानात लिफ्टवर हे काम अर्ध्या तासात होतं, आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंग करणारच असाल तर तिथेच करून घ्या. पण हे एकदा स्वतः केलं की रस्त्यात पंक्चर झालं तर हातपाय गळत नाहीत. चार जॅक लागत नाहीत. डिकीतला एक जॅक आणि स्टेपनी पुरते, कारण स्टेपनी ‘रिकामी जागा’ म्हणून वापरता येते.

सपाट, टणक जमीन बघा. उतार नको, माती नको, पेव्हर ब्लॉकवरही जपून. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो, त्यामुळे मागचं एक चाक उचललं की त्याची अर्धी ताकद गेली. म्हणून उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून विटा लावा. खडूनं प्रत्येक टायरवर लिहून ठेवा: डापु, उपु, डामा, उमा. हसू नका, तिसऱ्या चाकाला गोंधळ होतोच.

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-पाव फेरा सैल करा, मग जॅक लावा. जॅक लावायच्या जागी गाडीच्या खालच्या पट्टीला दोन खाचा असतात, त्यांच्या मधोमधच लावायचा. जॅकवरच्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही, नट घरंगळत गेला तरी नाही.

आता पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी क्रम:

१. मागचं डावं काढा, तिथे स्टेपनी लावा.
२. पुढचं उजवं काढा, तिथे हातातलं मागचं डावं लावा.
३. मागचं उजवं काढा, तिथे पुढचं उजवं लावा.
४. पुढचं डावं काढा, तिथे मागचं उजवं लावा.
५. परत मागे डावीकडे या. स्टेपनी काढा, तिथे पुढचं डावं लावा.

पाच वेळा जॅक, बस्स. स्टेपनी लहान मापाची असली तरी इथे चालते, कारण गाडी जागची हलत नाही.

किनारपट्टीवरच्या गाड्यांत नट निघाले तरी चाक गंजानं हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) चिकटून बसतं. टायरच्या खालच्या भागाला तळव्यानं आळीपाळीनं डावी-उजवीकडून धक्के द्या, सुटतं. हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढा. बोल्टच्या आट्यांना मात्र तेल-ग्रीस लावू नका. नट गुळगुळीत फिरतात आणि गरजेपेक्षा जास्त आवळले जातात.

नट आधी हातानं बसवा, मग पान्यानं एकमेकांसमोरचे, ओळीनं नाही. गाडी खाली उतरवून शेवटचं आवळा. लहान गाड्यांना आवळायचा जोर (टॉर्क) साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. हा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर नेहमीच्या पान्यावर हाताचा भरपूर जोर पुरतो. पान्यावर उभं राहून नाचायची गरज नाही. दुकानातला पोरगा हवेच्या गननं ‘टर्रर्र’ करून नट इतके आवळतो की रात्री रस्त्यात ते आपल्याच्यानं सुटत नाहीत. ‘शेवटचं पान्यानं आवळ’ असं त्याला सांगायला लाजू नका.

चुकली वेळ तर

आता एक गोष्ट जी बऱ्याच दुकानदारांनाही पटत नाही. पुढचे टायर आधीच जवळजवळ गोटा झालेत आणि मागचे चांगले आहेत, तर आता रोटेशन करू नका. चांगली नक्षी मागेच हवी. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जात राहते आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलून सावरता येतं. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते, आणि तिथे बहुतेकांचं कौशल्य संपतं. म्हणून दोनच टायर नवे घेतले तर तेही मागे घाला, आधीचे पुढे आणा. फरक दीड-दोन मिमीचा असतानाच रोटेशन करायचं ते यासाठी.

हवा

अदलाबदल झाली की हवा पुन्हा तपासा. पुढचा आणि मागचा दाब अनेक गाड्यांत वेगळा असतो आणि जुना आकडा टायरबरोबर नव्या जागी गेलेला असतो. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला असतो तो कमाल दाब, तो भरायचा नसतो. हवा थंड टायरला तपासायची, म्हणजे गाडी तीन तास तरी उभी असावी. उन्हाळ्यात लांब पल्ल्याच्या सिमेंटच्या रस्त्यावर गरम टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून मध्येच हवा काढणारे लोक असतात. टायर थंड झाला की तीच हवा कमी पडते, आणि कमी हवेचा टायर वाकून वाकून आणखी तापतो.

नट ८०-१०० किलोमीटर चालल्यावर एकदा पुन्हा आवळून घ्या. मीटरवरचा आकडा आणि तारीख सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर लिहा. आणि डिकी बंद करण्याआधी स्टेपनीत हवा आहे ना, ते बघा.