रेड हॅटचा सर्व्हर क्लाउडवर चालवताना: इमेज निवडण्यापासून न उठणारं मशीन उठवण्यापर्यंत

30 जून 2024 ला सेंटओएस 7 या मोफत लिनक्स सिस्टमचे अपडेट कायमचे बंद झाले. आमच्या द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाउसचा सगळा कारभार तेव्हा त्याच सिस्टमवर चालत होता. कुठल्या बागेचा माल आला, कुठल्या पॅलेटवर चढला, कुठल्या कंटेनरमधून न्हावा शेव्याला गेला, हे सगळं सातपूरच्या शेडमधल्या एका टॉवर सर्व्हरमध्ये होतं. हंगाम एप्रिलमध्ये आटोपला होता, म्हणून मी ते दोन महिने पकडले आणि सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरच्या गटात) रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 9 वर हलवलं. जुनी सिस्टम जागच्या जागी बदलणारी साधनं आहेत: कन्व्हर्ट-टू-रेल, लीप. तरी मी कोरं मशीन घेऊन त्यावर डेटा आणला. दहा वर्षांत साचलेली अडगळ नव्या घरात न्यायची नव्हती.

पहिला निर्णय इमेजचा, म्हणजे ज्या तयार साच्यातून क्लाउडवरचं मशीन उभं राहतं त्याचा, आणि पैशांचा खरा गोंधळ इथेच होतो. रेड हॅटच्या इमेज दोन जातीच्या असतात. एकीत सिस्टमचं भाडं मशीनच्या तासाच्या बिलातच धरलेलं असतं. दुसरीत तुमचं आधीपासूनचं सबस्क्रिप्शन तुम्ही घेऊन जाता. ॲमेझॉनवर इमेजच्या नावात ‘अवरली 2’ असेल तर पहिली जात, ‘ॲक्सेस 2’ असेल तर दुसरी. इमेजचा मालक म्हणून 309956199498 हा खाते क्रमांक दिसायला हवा, तो रेड हॅटचा. तशाच नावाच्या इतरांनी टाकलेल्या इमेज यादीत दिसतात, त्यांना हात लावू नका.

तासाच्या भाड्याची इमेज घेतलीत तर सबस्क्रिप्शन मॅनेजरमधून मशीन रजिस्टर करायची गरज नाही. सवयीने केलंत आणि कंपनीचं सबस्क्रिप्शन त्यावर खर्ची पडलं, तर एकाच सिस्टमचे दोनदा पैसे जातात. 2024 च्या मध्यापासून ॲमेझॉनवर हे भाडं व्हीसीपीयूच्या (मशीनला मिळालेल्या आभासी प्रोसेसरच्या) संख्येप्रमाणे लागतं, म्हणून ‘असू दे जरा मोठं’ म्हणत मशीन घेऊ नका. मशीन थांबवलं की मशीनचं आणि सिस्टमचं भाडं थांबतं, डिस्कचं चालूच राहतं. आमचा डेटाबेस ज्यांचा आहे ते रेड हॅटवरच सपोर्ट देतात, म्हणून मुख्य मशीन रेड हॅटचं. चाचणीचं मशीन आल्मालिनक्स या रेड हॅटशी जुळणाऱ्या मोफत सिस्टमवर आहे, त्याला सिस्टमचं भाडं नाही. नुसतं शिकायचं असेल तर रेड हॅटचं व्यक्तींसाठीचं मोफत डेव्हलपर सबस्क्रिप्शन घ्या, 16 मशीनपर्यंत चालतं.

रजिस्टर न करता अपडेट येतात कुठून, हे नीट समजून घ्या. क्लाउडच्या आत रेड हॅटचे स्वतंत्र अपडेट सर्व्हर असतात, त्यांना आरएचयूआय म्हणतात. ते फक्त त्या क्लाउडमधून आलेल्या मशीनलाच दार उघडतात. माझ्या एका मैत्रिणीचं मशीन मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडच्या पुण्यातल्या रीजनमध्ये होतं आणि त्यांच्या कंपनीने बाहेर जाणारं सगळं ट्रॅफिक व्हीपीएनने ऑफिसच्या प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमधून) वळवलं होतं. अपडेट आणणारी डीएनएफ ही कमांड सतत ‘परवानगी नाही’ म्हणत राहिली. दोन दिवस ती सबस्क्रिप्शन तपासत बसली. दोष रस्त्याचा होता: आरएचयूआयच्या पत्त्यांना प्रॉक्सीतून वगळलं आणि अपडेट सुरू झाले. वर्षानुवर्षं अपडेट न केलेल्या मशीनवर आणखी एक गोष्ट होते. आरएचयूआयचं क्लायंट सर्टिफिकेट (मशीनचं ओळखपत्र) जुनं होऊन संपतं. तेव्हा आधी बाकीच्या सगळ्या रिपो (पॅकेजांचे साठे) बंद ठेवून फक्त क्लाउड कंपनीच्या रिपोमधून ते क्लायंट पॅकेज अपडेट करायचं, मग बाकीचं.

आत शिरायचा रस्ता. दुरून लॉगिन करायच्या एसएसएचचं 22 नंबरचं पोर्ट सगळ्या जगाला उघडं ठेवू नका. फक्त आपल्या आयपीला उघडावं म्हटलं तर घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो. मी ॲमेझॉनचा एसएसएम एजंट, म्हणजे पोर्ट न उघडता मशीनमध्ये जाऊ देणारा छोटा प्रोग्राम, बसवला (रेड हॅटच्या इमेजमध्ये तो आधीपासून नसतो), मशीनला त्याचा रोल (लागणारी परवानगी) दिला आणि 22 पूर्ण बंद केलं. आता सेशन मॅनेजरमधून आत जाते.

वेळेचं काम पहिल्याच दिवशी करा. मशीन यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, सुरू होतं. मी बॅकअप रात्री 2 ला लावला होता आणि तो रोज सकाळी साडेसातला धावत होता. बागेतून पहिल्या गाड्या येऊन काट्यावर उभ्या असायच्या आणि नेमकी तेव्हाच स्क्रीन अडकायची. टाइमडेटसीटीएल कमांडने टाइमझोन एशिया/कोलकाता करा आणि लगेच ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन्डही रीस्टार्ट करा, नाहीतर तो जुन्याच घड्याळाने चालत राहतो.

वेळेइतकंच लॉगचंही, म्हणजे मशीनच्या घडामोडींच्या नोंदींचंही, बघा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवावे लागतात, आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेलं असावं लागतं. रेड हॅटवर जुने लॉग काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटची मूळ सेटिंग आठवड्याला एक फाइल आणि अशा चार फाइली, म्हणजे जेमतेम महिना. तो चारचा आकडा 26 करा, 182 दिवस होतात. शिवाय लॉगची एक प्रत मुंबई रीजनमधल्याच एस 3 मध्ये (ॲमेझॉनच्या फाइल साठवणीत) पाठवा. मशीनच गेलं तर त्यावरचे लॉग काय कामाचे?

सेलिनक्स, म्हणजे कुठला प्रोग्राम कुठल्या फाइलला हात लावू शकतो हे ठरवणारी लिनक्समधली सुरक्षा, बंद करू नका. हे मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते, कारण इंटरनेटवरचा निम्मा सल्ला ‘आधी सेलिनक्स बंद करा’ असाच सुरू होतो. बहुतेक वेळा अडचण लहान असते. घरच्या फोल्डरमधून वेबसाइटची फाइल एमव्ही कमांडने हलवली की तिचं जुनं सेलिनक्स लेबल तिच्याबरोबरच येतं आणि अपाची वेब सर्व्हर ती वाचू शकत नाही. सीपीने कॉपी केली तर नव्या जागेचं लेबल लागतं. हलवून झालीच असेल तर त्या फोल्डरवर रीस्टोअरकॉन चालवा, दोन सेकंदांचं काम. अपाचीला दुसऱ्या मशीनवरच्या डेटाबेसशी बोलायचं असेल तर एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-कनेक्ट हा बूलियन (चालू-बंद सेटिंग) सेटसेबूलने चालू करा, मोठी पी घालून, म्हणजे रीबूटनंतरही टिकतो.

आता डिस्क, कारण माझं सगळ्यात वाईट जागरण डिस्कपायी झालं.

मूळ डिस्क 10 जीबीची येते. ती वाढवता येते, कमी करता येत नाही. ॲमेझॉनची डिस्कही नाही आणि त्यावरची एक्सएफएस फाइल सिस्टमही नाही. म्हणून लहान सुरू करा, लागेल तशी वाढवा. डेटा वेगळ्या डिस्कवर ठेवा. आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीच्या फाइलमध्ये) डिस्कचं नाव कधीही लिहू नका.

मी लिहिलं होतं. फेब्रुवारीत, ऐन हंगामात, एका रात्री दहा वाजता मी एक तात्पुरती डिस्क काढून टाकली. तिचं बिल उगाच चाललं होतं. मशीन थांबवून सुरू केलं. नव्या मशीनवर डिस्कची नावं एनव्हीएमई आणि आकडा अशी असतात आणि ती सापडतील त्या क्रमाने लागतात. मधली डिस्क गेल्यावर तिसरीचं नाव दुसरीचं झालं. एफएसटॅबमध्ये मात्र जुनंच नाव होतं. सिस्टम दीड मिनिट त्या नावाची वाट पाहत थांबली आणि इमर्जन्सी मोडमध्ये गेली. तिथे ती रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याचा, पासवर्ड मागते, आणि क्लाउडच्या इमेजमध्ये रूट खातं कुलूपबंद असतं. पुढे जायला वाटच नाही. पहाटे चारला कंटेनर भरायचा होता.

बाहेर पडायचा रस्ता असा. बंद पडलेलं मशीन थांबवा. त्याची मूळ डिस्क सोडवा. त्याच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये दुसरं छोटं मशीन सुरू करा (झोन म्हणजे रीजनमधला एक भाग; तो वेगळा असेल तर डिस्क जोडताच येत नाही) आणि ती डिस्क त्याला जोडा. एलएसबीएलके कमांडने सगळ्यात मोठं पार्टिशन ओळखा आणि माउंट करा, म्हणजे फोल्डरसारखं जोडून घ्या. इथे मी अर्धा तास घालवला: दोन्ही मशीन एकाच इमेजची, म्हणून दोन्ही फाइल सिस्टमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) एकच, आणि एक्सएफएस तसलं माउंट करायला साफ नकार देतं. माउंट करताना ‘नोयूयूआयडी’ हा पर्याय द्यावा लागतो. मग त्या डिस्कवरची एफएसटॅब उघडा, चुकीची ओळ दुरुस्त करा, अनमाउंट करा, डिस्क मूळ मशीनला परत जोडा. जोडताना नाव डेव्ह/एसडीए1 हेच द्या, नाहीतर मशीन तिला मूळ डिस्क मानत नाही. पावणेतीनला स्क्रीनवर लॉगिन दिसलं. शेडमधल्या सुपरवायझरकाकांना फोन केला तर ते म्हणाले, “ताई, आम्ही वहीत लिहायला सुरुवात केली होती, आता चढवतो.”

तेव्हापासून एफएसटॅबमध्ये फक्त यूयूआयडी. बीएलकेआयडी ही कमांड तो दाखवते. डेटाच्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ घालते, म्हणजे ती डिस्क मिळाली नाही तरी मशीन उठतं. एफएसटॅब बदलली की रीबूटची वाट न पाहता लगेच माउंट-ए चालवून बघते, बहुतेक चुका तिथेच कळतात. रूटला एक लांब पासवर्ड दिला, तो लिफाफ्यात बंद करून कपाटात ठेवला आणि खात्यावर सिरीयल कन्सोलची, म्हणजे नेटवर्क नसतानाही मशीनची स्क्रीन दाखवणाऱ्या सोयीची, परवानगी चालू केली. ही परवानगी मुळात बंद असते. ती चालू असली तरी पासवर्ड नसेल तर कन्सोल नुसता दिसतो, आत जाता येत नाही.

पॅचिंग आम्ही महिन्यातून एकदा करतो, रविवारी दुपारी. आधी सगळ्या डिस्कचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या प्रती). मग चाचणीच्या मशीनवर डीएनएफ अपडेट, दोन दिवस तिथे वापर, मग मुख्य मशीनवर. नीड्स-रीस्टार्टिंग ही कमांड मायनस आर लावून चालवली की रीबूट लागणार का ते सांगते. लागणार असेल तर तेव्हाच करा. नवा कर्नल (सिस्टमचा गाभा) डिस्कवर पडून आणि जुनाच चालू, अशी मशीन मी महिनोन्‌महिने पाहिली आहेत. अपडेटने काही बिघडलं तर डीएनएफ हिस्टरीमधून तो व्यवहार क्रमांकाने मागे घेता येतो. डेटाबेसच्या पॅकेजवर मात्र मी ते करत नाही, तिथे स्नॅपशॉटच.

आणि दर डिसेंबरला, पहिली गाडी यायच्या आधी, आम्ही एका स्नॅपशॉटमधून मशीन नव्याने उभं करून बघतो. गेल्या खेपेला नव्या मुलाने हे एकट्याने केलं, मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्याला 40 मिनिटं लागली. नोयूयूआयडी त्याला न सांगता आठवलं.