छातीत डाग निघालाय? बायोप्सीचा रिपोर्ट लवकर हातात येण्यासाठी काय करायचं

एक्सरेत डाग दिसला की आपल्या सांगली-मिरज भागात बऱ्याच घरात पुढचं सगळं सारखंच होतं, आधी खोकल्याचं औषध, मग अँटिबायोटिकचा कोर्स, मग टीबी असेल म्हणून टीबीच्या गोळ्या चालू, आणि दोन-तीन महिने गेले, वजन उतरलं, की मग कुणीतरी सीटी स्कॅन करायला सांगतं. टीबी आपल्याकडे भरपूर आहे त्यामुळं तो आधी मनात येणं चूक नाहीच. पण थुंकीत जंतू सापडले नसताना नुसत्या डागावर गोळ्या चालू ठेवून वाट बघत बसणं, इथंच फुफ्फुसाचा कॅन्सर पुढं सरकतो. तपासण्यांना फार दिवस लागत नाहीत हो, दिवस जातात ते दोन तपासण्यांच्या मधे. इंग्लंडमधे सरकारी दवाखान्यांना टार्गेटच आहे, कॅन्सरच्या संशयानं पाठवलेल्या पेशंटला 28 दिवसांत आहे की नाही ते सांगायचं. आपल्याकडे ते घड्याळ घरच्यांनीच लावायला पाहिजे.

संशय कधी घ्यायचा? तीन आठवड्यांच्या वर खोकला, थुंकीतून रक्त (एकदाच पडलं तरी), आवाज बसलेला राहणं, कारण नसताना वजन घटणं, गळ्याच्या हाडाच्या वर गाठ, तोंड-मान सुजणं, बोटांची टोकं फुगीर होणं. आणि "आमची आक्का तर विडी-सिगारेट काहीच ओढत नाही" म्हणून सोडून देऊ नका, कधीच न ओढणाऱ्यांना पण हा कॅन्सर होतो. चुलीच्या धुरात आयुष्य गेलंय का, फाउंड्रीत किंवा खडी क्रशरवर काम केलंय का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका.

सगळ्यात आधी घरातले जुने एक्सरे शोधा. पाच वर्षांपूर्वी तोच डाग तेवढाच होता की नवीन आलाय, यावर बरंच ठरतं. सोबत थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीचे जंतू शोधायची मशीनवरची टेस्ट) करून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते आणि मशीनला काही तासच लागतात. ती निगेटिव्ह आली आणि औषध घेऊन पण डाग तसाच आहे तर सरळ विचारा, "डॉक्टरसाहेब, आता सीटी करून बघूया का?" यात डॉक्टरांचा अपमान वगैरे काही नाही.

सीटी शक्यतो कॉन्ट्रास्टचा (शिरेतनं औषध देऊन काढतात तो), आणि छातीबरोबर पोटाचा वरचा भाग एकदमच, कारण लिव्हर आणि किडनीवरच्या ग्रंथी बघाव्याच लागतात, नाहीतर परत खर्च परत फेरी. क्रिएटिनीन (किडनीची रक्ताची टेस्ट) आदल्या दिवशीच करून न्या, शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा. आणि नुसत्या फिल्म घेऊन येऊ नका, सीडी मागून घ्या.

आता बायोप्सी, म्हणजे डागाचा छोटा तुकडा काढून तपासणं, आणि इथं सगळ्यात जास्त लक्ष द्या. सुई लावली की कॅन्सर पसरतो या भीतीनं लोक महिना-महिना थांबतात. तसं होणं फार क्वचित असतं, पण तुकडा तपासल्याशिवाय बहुतेक पेशंटची ट्रीटमेंट ठरतच नाही. खरा धोका असतो तो छातीत फुफ्फुसाबाहेर हवा साठण्याचा किंवा थोडं रक्त येण्याचा, म्हणून नंतर काही तास थांबवून एक्सरे काढून बघतात. स्टेंट असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तारीख घेतानाच सांगा, ती कधी बंद करायची ते डॉक्टरच ठरवतील, नाहीतर टेबलावरनं परत पाठवतात आणि आठवडा गेला.

तुकडा कुठनं घ्यायचा हे पण विचारा. डाग फुफ्फुसात आहे म्हणून फुफ्फुसातनंच घ्यायचा असं काही नसतं. मानेत गाठ असेल तर तिथनं सोपं पडतं आणि आजार कुठवर गेलाय ते पण त्यातच कळतं, छातीत पाणी असेल तर ते काढून तपासतात, छातीच्या मधल्या गाठींसाठी ईबस करतात, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून सोनोग्राफीवर बघत सुईनं नमुना घेतात. पाणी पाठवताना भरपूर पाठवा आणि सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशी गोळा करून मेणात बसवणं) करायला सांगा. आणि नुसत्या बारीक सुईवर भागवू नका, जमत असेल तर कोअर बायोप्सी (जाड सुईनं अख्खा तुकडा काढणं) मागा, कारण पुढच्या तपासण्यांना माल पुरायला पाहिजे.

ही गोष्ट तर लिहूनच ठेवा. तुकडे दोन बाटल्यांत जायला पाहिजेत, एक फॉर्मलिनमधे (तुकडा टिकवायचं औषध) कॅन्सरसाठी, दुसरी साध्या सलाईनमधे टीबीच्या सीबीनॅट आणि कल्चरसाठी (लॅबमधे जंतू वाढवून बघणं). फॉर्मलिनमधे जंतू मरतात, मग त्या तुकड्यावर कल्चर होत नाही. टीबी का कॅन्सर हा घोळ एकाच फेरीत सुटतो, आणि कधीकधी दोन्ही एकत्र पण निघतात.

रिपोर्टमधे नुसतं "कॅन्सर" आलं की काम संपलं नाही. कुठला प्रकार, आणि अॅडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) असेल तर ईजीएफआर, एएलके, आरओएस1, पीडी-एल1 या त्याच तुकड्यावरच्या टेस्ट लागतात, कारण काहींना केमोऐवजी गोळ्यांवर ट्रीटमेंट चालू करता येते. बायोप्सी देतानाच लॅबला विचारून ठेवा की हे इथं होतं का बाहेर पाठवता, किती दिवस, पैसे किती.

घरातल्या एकानंच फाइल धरायची. आज पुतण्या, उद्या जावई असं केलं की कुणालाच काही माहीत नसतं. रिपोर्ट कधी मिळणार ती तारीख फाइलवर लिहा आणि त्या दिवशी स्वतः फोन करा. मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज आहे, सिद्धिविनायक कॅन्सर हॉस्पिटल आहे, कराडला कृष्णा हॉस्पिटल आहे, त्यामुळं पहिल्याच दिवशी मुंबई गाठायची गरज बहुतेकांना पडत नाही. कुठंही गेलात तरी आधी आरोग्यमित्राला (दवाखान्यात सरकारी योजनेचं काम बघणारा माणूस) भेटा, रेशनकार्ड-आधार दाखवून सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं काय नाही ते विचारा. आणि मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जायचं ठरलंच तर महालक्ष्मी एक्स्प्रेसमधे बसायच्या आधी लॅबमधनं स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (ज्यात तुकडा जपून ठेवलेला असतो) दोन्ही सही करून ताब्यात घ्या. तिथं ते पुन्हा तपासतात, आणि ब्लॉक नसेल तर परत बायोप्सी करायची वेळ येऊ शकते.