शाळा-कंपनी भागीदारी उद्घाटनानंतर बंद पडते का? या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या एका दोनशिक्षकी शाळेत भिंतीवर मोठा डिजिटल फळा होता. कडेला पॅकिंगचं प्लास्टिक अजून चिकटलेलं, खाली देणगीदाराच्या नावाची पाटी, आणि इन्व्हर्टरची फुगलेली बॅटरी कोपऱ्यात. बाईंनी कपाटातून वॉरंटी कार्ड काढून दिलं. त्यावर ना तारीख, ना दुकानाचा शिक्का. देणारे प्रामाणिक होते, बाई जीव तोडून शिकवणाऱ्या. चूक करारात होती.

रोजचा खर्च कुणाचा, हे न लिहिणं

माझ्या मते हीच सर्वांत महागात पडणारी चूक. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. वस्तू घेऊन देणं त्यात सोपं असतं. पुढचं वीजबिल, बॅटरी, इंटरनेट मात्र शाळेच्या गळ्यात पडतं. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या निकषांत 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला संयुक्त अनुदान वर्षाला 10 हजार रुपये आहे. किरकोळ दुरुस्तीपासून स्वच्छतेपर्यंत सगळं त्यातच भागवायचं. बॅटरी कुठून आणणार?

म्हणून सामंजस्य करारातच तीन गोष्टी लिहून घ्या: देखभाल किती वर्षं, बिघाड झाला तर फोन कुणाला, आणि दुरुस्ती किती दिवसांत.

गरज न विचारता वस्तू स्वीकारणं

नळाला पाणी नाही आणि टॅब आले, असं होतं ते यामुळे. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणं हे त्या समितीचंच काम आहे. कंपनीचा माणूस आला की आधी तो आराखडा त्याच्या हातात द्या. आराखडा जुना असेल तर आधी समितीची बैठक घ्या, मगच होकार द्या. मिळतंय ते नाकारायला संकोच वाटतो, हे मला कळतं. पण नको असलेली वस्तू सांभाळण्यात शिक्षकांचा वेळ जातो, आणि तो वेळ मुलांचा असतो.

स्वयंसेवकाला शिक्षक समजणं

त्याच कायद्यानुसार प्राथमिक शाळेत 60 पर्यंत पटाला दोन शिक्षक हवेत. भागीदार संस्थेची स्वयंसेवक ताई वर्ग सांभाळते म्हणून रिक्त पदाची मागणी थांबवू नका. प्रकल्प संपला की ताई जाते आणि वर्ग उघडा पडतो. पद भरण्याची जबाबदारी सरकारची आहे, ती भागीदाराकडे सरकत नाही.

नोंद न ठेवणं

वस्तू आली त्याच दिवशी साठा नोंदवहीत चढवा, बिलाची प्रत जोडा. मुख्याध्यापकांची बदली झाली की तोंडी माहिती त्यांच्याबरोबरच जाते.

आधीच बंद पडलं असेल तर

भंगारात काढायची घाई नको. अनुक्रमांकाचा फोटो काढा. वॉरंटी कार्ड कोरं असलं तरी देणगीदाराकडे मूळ बिल असतं. त्यांच्या लेखापरीक्षणासाठी ते जपलेलं असतं. समितीचा ठराव करून ते बिल लेखी मागवा आणि पत्राची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. वर उल्लेख केलेल्या शाळेत बॅटरीचं बिल असंच सापडलं. वॉरंटी संपायला तेव्हा चार महिने बाकी होते.