मोटर अ‍ॅनलायझर भलतेच आकडे दाखवत असेल तर

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) कारच्या ब्रशलेस मोटरचा अ‍ॅनलायझर, म्हणजे ती तपासणारे यंत्र, टायमिंगचे (मोटरच्या कॉइलला वीज केव्हा मिळते त्याचे) आकडे भलतेच दाखवू लागला, तर तो उघडण्याआधी त्याला मोटरशी जोडणारी सेन्सर केबल बदलून पाहावी. गोव्यातल्या मिरामार-कळंगुटसारख्या किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत तिच्या ६ पिनांवर हिरवट थर चढतो आणि माझा पहिला संशय नेहमी त्याच्यावरच असतो. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्याव्यात. (बॅटरी भरलेली हवी, हे वेगळे सांगायला नको.) तरीही मोटरमधल्या ३ हॉल सेन्सरांपैकी (फिरत्या चुंबकाची जागा ओळखणाऱ्या) एकाचाच आकडा फटकून राहिला, तर खात्रीची दुसरी मोटर जोडावी: तीच चूक पुन्हा दिसल्यास दोष यंत्रात, नाहीतर पहिल्या मोटरच्या सेन्सर बोर्डात शोधावा. पावसाळ्यात यंत्र सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावे.