एमपीएससी करताना कोणाचं किती ऐकायचं आणि कुठे अजिबात हलायचं नाही

पुण्यात तयारीला आलेल्या मुलामुलींना पहिल्या महिन्यात अभ्यासापेक्षा सल्लेच जास्त मिळतात. क्लासचे सर एक सांगतात, रूममेट दुसरं, टेलिग्रामवर तिसरंच चालू असतं आणि घरून काकांचा फोन येतो की अजून किती वर्षं. बहुतेक जण मनापासून सांगत असतात हे खरंय, तरी सगळ्यांचं ऐकलं तर डोक्याचा भुगा होतो आणि कोणाचंच नाही ऐकलं तर माणूस एकटा पडतो. म्हणून हे लिहितेय, सदाशिव पेठ, नवी पेठेत नवीन आलेल्यांसाठी, आणि तालुक्याला राहून करणाऱ्यांसाठी पण.

पहिली गोष्ट, एखादा माणूस अख्खा भरवशाचा किंवा अख्खा बिनभरवशाचा असं धरून चालू नका. विश्वास मुद्द्यापुरता ठेवा. इतिहासाचे सर इतिहासात एक नंबर असतील पण परीक्षा पुढे जाणार का हे त्यांनाही तुमच्याइतकंच माहीत असतं. मेन्स म्हणजे मुख्य परीक्षा दिलेला सीनियर रिव्हिजन कशी करायची, वेळ कुठे कमी पडतो हे नीट सांगेल, त्यात त्याचं जरूर ऐका, पण यावर्षीचा कटऑफ तो सांगायला लागला तर तो नुसता अंदाज. दरवेळी मनात एवढंच विचारा की ह्याला हे कुठून कळलं, आणि मी विश्वास ठेवला तर ह्याला काही मिळणार आहे का.

तारीख, किती पदं भरणार, पॅटर्न ह्या तीन गोष्टींसाठी आयोगाची म्हणजे एमपीएससीची वेबसाईट आणि तिथली पीडीएफ, बास. ऑगस्ट २०२४ आठवा. २५ ऑगस्टची राज्यसेवेची पूर्व परीक्षा आणि आयबीपीएसची बँक भरतीची परीक्षा एकाच दिवशी आली, पोरं रस्त्यावर बसली, ग्रुपवर मिनिटाला मेसेज की पुढे गेली, नाही गेली. शेवटी आयोगाने खरंच पुढे ढकलली आणि ती १ डिसेंबरला झाली. म्हणजे अफवा वाटणारी गोष्ट पण कधी खरी निघते, म्हणून सरसकट खोटं आहे म्हणूनही सोडून देऊ नका, फक्त "मागणी चालू आहे" आणि "निर्णय झाला" यात फरक करा आणि पीडीएफ येईपर्यंत टाइमटेबल हलवू नका.

पूर्व झाल्याच्या संध्याकाळी तर विचारूच नका. प्रत्येक क्लासची उत्तरं वेगळी, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा कापतात त्यामुळे बेरीज दर तासाला बदलते आणि लोक अभ्यासिकेच्या बाहेर रडायला लागतात. आयोगाची पहिली उत्तरतालिका येते, त्यावर पुराव्यासकट हरकती घेता येतात, आणि अंतिम उत्तरतालिकेत काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. आयोगाचं उत्तर पण पुरावा दिला की बदलतं, मग आपल्या सरांनी सांगितलेलं एकदा स्टेट बोर्डाच्या पुस्तकात बघितलं तर त्यात सरांचा अपमान कसला? चांगले सर स्वतःच म्हणतात बघ जा. "माझ्यावर विश्वास नाही का" असं जे म्हणतात त्यांच्या बाबतीत मी जरा सावध होते.

आता क्लासचे बॅनर. एकाच टॉपरचा फोटो चार क्लासच्या फ्लेक्सवर दिसतो आणि नवीन मुलं गोंधळतात. बऱ्याचदा प्रकार असा असतो की तो मुलगा पूर्व आणि मुख्य स्वतःच्या जिवावर पास झालेला असतो, नंतर तीन-चार ठिकाणी फुकटात मॉक इंटरव्ह्यू देतो, आणि चारही जण त्याला आपला विद्यार्थी म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियमच काढलेत की विद्यार्थ्याची संमती पाहिजे आणि त्याने कुठला कोर्स, किती दिवसांचा केला हे पण लिहायला पाहिजे. म्हणून काउंटरवर सरळ विचारा: ह्यांनी तुमच्याकडे नक्की कुठला कोर्स केला? फी परत मिळण्याचे नियम लेखी द्याल का? उत्तर देताना टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका, आज शेवटचा दिवस आहे म्हणाले तरी नाही.

इथपर्यंत डोकं वापरायचा भाग झाला. पुढचा भाग तत्त्वाचा आहे आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे माहिती सगळी असते तरी पाय घसरतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मेसेज येतो, फुटलेला पेपर आहे, अर्धे पैसे आत्ता अर्धे नंतर, आणि रूममेट म्हणतो भावा आपण पाच जण मिळून काढू. बहुतेक वेळा ती फसवणूकच असते. पण समजा खरा असला तर? टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात २०२२ मध्ये ७,८८० उमेदवारांवर कारवाई झाली, आणि २०२४ मध्ये राज्याने अशा गैरप्रकारांसाठी वेगळा कायदा पण केलाय. तरी नुसत्या कायद्याच्या भीतीवर राहू नका, कोणी सापडत नाही रे असं कोणी पटवलं की ती भीती जाते. उद्या तहसीलदार म्हणून सातबाऱ्याच्या वादात तुम्ही निकाल देणार, समोरचा शेतकरी तुमच्या सहीवर विश्वास ठेवणार, ती खुर्ची जर पैशाने घेतली तर त्याला काय तोंड दाखवणार?

हे ऐनवेळी ठरवू नका, तेव्हा मन कुठलीही सबब पटवून देतं. आत्ता, डोकं शांत असताना, वहीच्या मागच्या पानावर लिहा. पेपर घेणार नाही. खोटा दाखला काढणार नाही. घरी मार्क खोटे सांगणार नाही. किती अटेम्प्ट देणार तो आकडा. नाही म्हणताना पण लांबड लावायची नाही, "मला नको, मी हे करत नाही" एवढंच, कारण द्यायला लागलात की समोरचा त्या कारणावर वाद घालतो. रूममेटला उपदेश करू नका, मेसेज पुढे पाठवू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि पोलिसांच्या सायबर शाखेला द्या.

एक मात्र आहे, हट्टाला तत्त्व म्हणू नका. मी क्लास लावणारच नाही, मी यूट्यूब बघतच नाही, ह्या सवयी आहेत, फायदा दिसला की बिनधास्त बदला.

आणि घरचे. अभ्यास कसा करायचा यात आईबाबांचं, काकांचं सगळंच पटेल असं नाही, पण घरात पैसे किती आहेत आणि अजून किती दिवस पुरतील हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं, त्या मुद्द्यावर त्यांचं ऐका. "होईल ओ काका यावेळी" असं गोल उत्तर देऊ नका, मागच्या टेस्टचे मार्क आणि वहीतला अटेम्प्टचा आकडा सांगा, त्यानंतर काय करणार हे पण सांगा, आणि ते चिडले तर त्यांचं पूर्ण ऐकून घ्या.