बाळाला सांभाळणाऱ्या ताईंनी स्वयंपाकाचं किती बघायचं, हे आधीच कसं ठरवायचं

मॅटर्निटी लीव्ह संपत आली की घरात ताई शोधायची धावपळ सुरू होते, पगार ठरतो, येण्या-जाण्याची वेळ ठरते, सुट्ट्या ठरतात, आणि खाण्याचं मात्र "बाळाचं खाणंपिणं बघायचं" एवढ्यावर भागवलं जातं. मग महिन्याभरात बाळाच्या खिचडीबरोबर आजोबांचा चहा, संध्याकाळची कणीक, निवडायची मेथी असं एकेक त्यातच येऊन बसतं. ताई तोंडावर काही बोलत नाहीत, आणि एक दिवस फोन येतो की उद्यापासून जमणार नाही. हे टाळता येतं, फक्त पहिल्या दिवसाच्या आधी बसून नीट बोलायला हवं.

माझ्या मते सरळ नियम हा: बाळाचं जेवण ताईंकडे, घराचं जेवण ताईंकडे नाही. बाळाचं म्हणजे त्याचं खाणं बनवणं, भरवणं, त्याची वाटी-चमचा-बाटल्या धुणं आणि उकळणं, सांडलेलं पुसून घेणं. पोळ्या, मोठ्यांची भाजी, रात्रीची सिंकमधली भांडी हे दुसरं काम आहे, त्याला पोळ्यांच्या मावशी लावा. "दोघींना कशाला, ताई दिवसभर घरातच तर असतात" हा विचार मनात आला तर एकदा त्यांचा दिवस डोळ्यासमोर आणा. नऊ-दहा महिन्यांचं बाळ रांगतंय, जे हाताला लागेल ते धरून उभं राहतंय, ओट्यापाशी येऊन साडीला लोंबकळतंय, आणि वर गॅसवर कुकर आहे. अशात "बाळाकडे बघत बघत" काही होत नाही, एकतर बाळाकडे लक्ष नाहीतर गॅसकडे. नुसतं भरवायलाच अर्धा तास जातो, त्यात निम्मं अंगावर आणि जमिनीवर. राहिली बाळाची झोप, ती कधी पाऊण तास कधी वीस मिनिटं, आणि त्यातच ताईंना स्वतःचं जेवायचं असतं, जरा टेकायचं असतं.

म्हणून मी तर म्हणेन की ताई एकट्या असताना बाळ जागं असेल तर गॅस पेटवायचाच नाही असं ठरवून टाका. दुपारची खिचडी सकाळी तुम्ही घरात असतानाच लावायची. तुम्ही बाळाला घ्या, ताई पंधरा-वीस मिनिटांत कुकर लावतील, किंवा उलट. थंड झाली की लगेच फ्रिजमध्ये, दोन तासांच्या वर बाहेर ठेवायची नाही, आणि दुपारी बाळ झोपलेलं असताना लागेल तेवढीच काढून चांगली वाफ येईपर्यंत गरम करायची, मग कोमट करून भरवायची. उरलं तर परत ठेवायचं नाही.

काय बनवायचं हे ठरवणं आईबाबांचं काम, ताईंचं नाही. रोज "आज काय देऊ" हा फोन मीटिंगमध्ये आला की तुमची चिडचिड होते आणि त्यांना उगाच अपराधी वाटतं. रविवारी बसून आठवड्याचं लिहा. तांदूळ-मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून डबा भरून ठेवा, नाचणी सत्वाचा डबा, भाज्या आणून ठेवा. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून २-३ वेळा खाणं आणि नवव्या महिन्यापासून ३-४ वेळा, वर मधलं एखादं-दोनदा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, दूध चालू असतंच, तेव्हा त्यातलं कुठलं ताईंच्या वेळेत येतं ते बघा. बऱ्याच घरी सकाळचं सत्व आणि रात्रीचं आईबाबाच भरवू शकतात.

फ्रिजवर एक कागद लावा, असा काहीतरी:

"११ वाजता फळ, कुस्करून. १ वाजता खिचडी, भाजी घालून, चमच्याने मोडायची, मिक्सर नको. ४ वाजता नाचणी सत्व, बाळ झोपलेलं असतानाच करायचं, आधी गार पाण्यात कालवून मग गॅसवर, नाहीतर गुठळ्या होतात. मीठ-साखर नाही. मध अजिबात नाही. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं नाहीत. तोंड फिरवलं की थांबायचं, जबरदस्ती नाही."

ताईंना वाचायची सवय नसेल तर हेच व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट करून द्या आणि डब्यांवर चित्रं चिकटवा. शेवटची ओळ मात्र स्वतः तोंडाने सांगा, कारण वाटी संपली नाही तर आपल्याला बोल लागेल या भीतीने कोंबलं जातं. संध्याकाळी "एवढंच खाल्लं?" असं विचारू नका, "आज किती खाल्लं" विचारा, आणि दोन चमचे ऐकून चेहरा पाडू नका. नवा पदार्थ पहिल्यांदा द्यायचा तो तुम्ही घरी असताना, त्या अॅलर्जीची जबाबदारी ताईंवर टाकणं बरोबर नाही.

काढून ठेवलेलं आईचं दूध असेल तर बाटलीवर तारीख-वेळ तुम्ही लिहायची. ताजं काढलेलं खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवायची. पावडरचं दूध असेल तर बाळाने प्यायला सुरुवात केल्यावर तासाभरात संपवायचं, उरलेलं ओतून द्यायचं, आणि ओतलं म्हणून कुणी ओरडणार नाही हे स्पष्ट सांगा.

घरात आजी असतील तर त्यांच्याशी हे ताई यायच्या आधीच बोलून घ्या. आई म्हणते मीठ नको, आजी म्हणतात चिमूटभराने काय होतंय, आणि मध्ये ताई अडकतात. खाण्याच्या बाबतीत ताई कुणाचं ऐकतील ते एकच नाव त्यांच्यासमोर, आजींच्या देखत ठरवा.

आणि ताईंच्या स्वतःच्या जेवणाचं काय? डबा आणणार की तुमच्याकडे जेवणार, चहा कितीदा, हे विचारा, त्या स्वतःहून विचारणार नाहीत. जेवणार असतील तर तुम्ही खाता तेच, ताजं, त्याच ताटात. आणि बाळ झोपल्यावरचा निदान अर्धा तास त्यांचा, त्यात मेथी नाही.

कधी खरंच जास्तीचं काम लागलं, पाहुणे आले, मावशींची दांडी, तर आदल्या दिवशी विचारा, "ताई, उद्या चार पोळ्या लाटाल का, वेगळे पैसे देते, आणि तेवढा वेळ बाळाला मी घेते." नाही म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा. रोजचंच व्हायला लागलं तर पगारात धरा.

बाळ वर्षाचं झालं की हे सगळं परत बसून बोला. तेव्हा गाईचं दूध प्यायला चालतं, घरातलंच वरण-भात-पोळी कुस्करून चालते, म्हणजे वेगळं शिजवायचं काम कमी होतं पण हाताने खायचा हट्ट सुरू होतो, त्यामुळे भरवायचा आणि पुसायचा वेळ वाढतो. नवा कागद तेव्हा ताईंना शेजारी बसवून लिहा, बाळ काय खातं काय थुंकतं हे त्यांना तुमच्याइतकंच माहीत असतं.