चाइल्ड थीममध्ये स्वतःचा वेब फॉन्ट कसा बसवावा

वर्डप्रेसच्या मूळ थीमच्या फोल्डरात टाकलेला फॉन्ट पुढच्या अपडेटला पुसला जातो. म्हणून हे काम चाइल्ड थीममध्येच, म्हणजे मूळ थीमवर बेतलेल्या वेगळ्या थीममध्ये करा, आणि हात लावण्याआधी बॅकअप घ्या.

फॉन्ट निवडताना परवाना वाचा. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, ते साइटवर निर्धास्त वापरता येतात. फाइल डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठीच्या प्रकारची घ्या. ती नेहमीच्या टीटीएफ फाइलीपेक्षा बरीच हलकी असते.

चाइल्ड थीमच्या स्टाइलशीटशेजारी (साइटचे रूप ठरवणारी सीएसएस फाइल) 'फॉन्ट्स' नावाचा फोल्डर करून त्यात फाइल ठेवा. स्टाइलशीटमध्ये फॉन्ट-फेसचा नियम लिहा: फॉन्टच्या कुटुंबाचे नाव (फॉन्ट-फॅमिली), फाइलचा पत्ता, वजन (अक्षराची जाडी), आणि फॉन्ट-डिस्प्लेला 'स्वॅप', म्हणजे फॉन्ट येईपर्यंत मजकूर अदृश्य राहत नाही. पत्ता स्टाइलशीटपासून मोजला जातो. सुरुवातीला तिरकी रेघ दिलीत तर ब्राउझर फाइल थेट डोमेनच्या मुळाशी शोधतो आणि ४०४ (फाइल सापडली नाही) घेऊन परततो.

वजनाकडे दुर्लक्ष करू नका. ४०० (साधे) आणि ७०० (ठळक) साठी दोन फाइली, दोन नियम, पण कुटुंबाचे नाव एकच. ७०० ची फाइल नसेल तर ब्राउझर साध्या अक्षरालाच फुगवून ठळक करतो. मग 'क्ष' आणि 'ष' यांची पोटे बुजतात, वाचणाऱ्याचे डोळे शिणतात.

आता चाइल्ड थीमच्या फंक्शन्स फाइलमधून स्टाइलशीट एनक्यू करा, म्हणजे ती पानावर लोड करायला वर्डप्रेसला सांगा. अनेकांचे घोडे इथेच अडते. पत्त्यासाठी 'गेट स्टाइलशीट डिरेक्टरी यूआरआय' हेच फंक्शन हवे; 'गेट टेम्प्लेट'ने सुरू होणारे त्याचे भावंड मूळ थीमकडे नेते. त्यानंतर बॉडी आणि शीर्षके, दोन्हींना फॉन्ट लावा, कारण शीर्षकांचा फॉन्ट मूळ थीमने बहुधा वेगळा ठरवलेला असतो.

तपासायला कॅशे रिकामी करून ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा. फॉन्टच्या फाइलीपुढे २०० (फाइल मिळाली) दिसायला हवे. मग पानावर 'दुसऱ्या', 'ऱ्हास', 'लक्ष्मी' हे शब्द टाकून पाहा. 'ऱ्य' तुटला असेल, तर हलकी करण्याच्या नादात फाइलीतून जोडाक्षरांचे नियमच कापले गेले असावेत. मूळ फाइल पुन्हा घ्या. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसत असतील, तर सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय असेल, तर ती अक्षरे लगेच बदलतात.